नात्याचा रकाना

१

सकाळी साडेसातला मास्तर गोगलगाईंच्या खोलीचं कुलूप काढत, दिवे लावत आणि पहिली जांभई देत. गेली सव्वीस वर्षं हाच क्रम होता. जांभई पूर्वी क्रमात नव्हती. ती कधी आली हे त्यांना सांगता आलं नसतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. संशोधन संस्थेत ते साधे सहायक होते. पण तिथे आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं. त्यातले निम्मे पुढे डॉक्टरेट घेऊन मोठे झाले आणि मास्तर मास्तरच राहिले. त्यांच्या ताब्यात गोड्या पाण्यातल्या चारेकशे गोगलगाई होत्या, चपट्या, तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढ्या. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग त्यांना घालायचं, लेट्यूसची पानं धुऊन द्यायची, मेलेल्या काढायच्या. प्रत्येकीच्या शंखावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे कोण कुठल्या घराण्यातली ते कळतं. लाल ठिपका नाजूक घराण्याचा, निळा चिवट घराण्याचा. नेलपॉलिश आणायला मास्तर स्वतः दुकानात जात. दुकानदारीण दर वेळी विचारायची, "वहिनींना चालेल ना हा रंग?" मास्तर दर वेळी म्हणायचे, "चारशे जणी आहेत घरात, कुणाकुणाला विचारू?"

त्या खोलीत काय चालायचं हे कळायला फार शिकलेलं असावं लागत नाही. गोगलगाईच्या अंगात एक परजीवी अळी शिरते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक. गोगलगाईच्या रक्तात पहाऱ्याच्या पेशी असतात. परकं काही आलं की त्या त्याला घेरतात आणि संपवतात. चिवट घराण्यात तसंच होतं. नाजूक घराण्यात मात्र पेशी अळीपाशी येतात, तिला चाचपतात आणि आल्या वाटेने निघून जातात. कारण प्रत्येक जिवाच्या अंगावर साखरेच्या कणांची एक बारीक झालर असते, आणि अळीने तोवर गोगलगाईसारखीच झालर स्वतःच्या अंगावर चढवलेली असते. पेशी विचारते, आपलं का परकं? उत्तर येतं, आपलं. मग पेशीने तरी काय करावं? शिवाय अळी रक्तात काहीबाही सोडत राहते, त्याने पेशी सुस्तावतात.

पुढे पाच आठवडे सगळं शांत. गोगलगाय खाते, पिते, उलट जरा जास्तच गुटगुटीत होते. अंडी घालणं तेवढं बंद होतं. मग एके दिवशी ऊन चढलं की तिच्या अंगातून हजारो पिल्लं पाण्यात उतरतात. सगळी एका अळीची, सगळी एकसारखी, आणि निघतात नवं अंग शोधायला.

मास्तरांचं काम मोजायचं. गोगलगाईच्या रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात अळी सोडायची, तासभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि किती पेशी चिकटल्या त्याचा आकडा वहीत लिहायचा. शून्यापासून तीनपर्यंत: एकही चिकटली नाही तर शून्य, अळी पुरती झाकली गेली तर तीन. लाल ठिपक्यांसमोर ते इतकी वर्षं शून्य लिहीत आले होते.

२

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कारकुनाने त्यांना बोलावून घेतलं. दवाखान्याच्या योजनेसाठी प्रत्येकाच्या घरातल्या माणसांची नव्याने नोंद करायची होती. फॉर्म दोन पानी होता आणि रकाने असे अरुंद, की मुंगीने सही करावी.

मास्तरांनी बायकोचं नाव लिहिलं, वय लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. मुलीचंही लिहून झालं. तिसऱ्या ओळीवर त्यांनी 'आत्या' लिहिलं आणि पेन थांबलं.

"नाव लिहा की," कारकून म्हणाला.

"आम्ही आत्याच म्हणतो."

"ते घरी हो. बरं, नाव विचारून घाला नंतर. नातं लिहा. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, तसं लिहिलं की झालं."

मास्तरांनी 'वडि' एवढं लिहिलं. मग त्यांना आठवलं की आपल्या वडिलांना बहीण नव्हती. तिघे भाऊच. आजीला मुलीची इतकी हौस, की धाकट्या काकाला चार वर्षांचा होईपर्यंत ती वेण्या घालायची. ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती आणि शंभरदा सगळे हसले होते.

"माझी नव्हे. बायकोची आत्या," ते म्हणाले.

"मग नियमात बसत नाही. पण काढू काहीतरी वाट. आत्यांसाठी नाही करायचं तर कुणासाठी? तुम्ही डबा विसरलात तेव्हा त्याच आल्या होत्या ना घेऊन? मला म्हणाल्या, चेहरा उतरलाय रे तुझा, बस जरा. बसलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!" बोलता बोलता कारकुनाला जांभई आली. "राहू द्या आता. उद्या आणा भरून."

संध्याकाळी बसथांब्यावर मास्तरांच्या डोक्यात तो रकाना घोळत राहिला. बायकोची आत्या म्हणजे सासऱ्यांची बहीण. आणि सासरे तर एकुलते एक होते. लग्नात मुलीकडची माणसं इतकी कमी, की फोटोत दिसायला बरं म्हणून समोरच्या दुकानातल्या दोघांना आणून उभं केलं होतं. मास्तर त्यावरून बायकोला अजून चिडवायचे. बस आली, गेली, आणि ते तिथेच उभे राहिले.

३

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं की आधी शिवणाच्या मशीनचा आवाज यायचा. मास्तरांची बायको लोकांचे कपडे बेतात बसवून द्यायची. कुणाची पँट लांडी, कुणाचा कोट सैल, दिवसभर तेच. समोर खिडकीपाशी आत्या मटार सोलत बसलेल्या, आणि त्यांच्या मांडीला डोकं टेकून छोटी झोपलेली. छोटी म्हणजे मास्तरांची मुलगी, वय वर्षं तेवीस. संध्याकाळचे सहा वाजले होते.

"आलास?" आत्या म्हणाल्या. "दमलास. बस जरा."

रोज मास्तर बसायचे. आज ते बायकोच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

"अगं, एक विचारायचं होतं. आत्या तुझ्या कोण लागतात गं नेमक्या?"

"माझ्या?" ती भाजी चिरत होती. "माझ्या कुठल्या? तुमच्याकडच्या ना त्या."

"माझ्याकडे आत्याच नाहीये."

"सख्ख्या नसतील. चुलत असतील, मावस असतील. तुमच्याकडचा गोतावळा मला कधी धड कळला का?"

"मी आजवर तुझ्याकडच्या समजत होतो."

सुरी थांबली. संसारात काही गोष्टी विचारायच्या राहून जातात आणि मग विचारणं वाईट दिसतं. नवरा तर बायकोकडच्या माणसांची चौकशी करतच नाही. आलं कुणी की खुर्ची पुढे करतो आणि हवापाण्याचं बोलतो. बायको सासरच्या माणसाला 'तुम्ही कोण' म्हणून कसं विचारणार? मास्तर आत्यांना 'अहो आत्या' म्हणत, कारण त्या सासरवाडीच्या. बायकोही 'अहो आत्या' म्हणायची, त्याच कारणाने. एवढ्या वर्षांत घरातलं कुणी त्यांना हक्काने 'अगं' म्हणालं असेल तर ती छोटी.

"मग त्या आल्या कुणाबरोबर?" बायको हळूच म्हणाली. क्षणभर तिचे डोळे असे लख्ख झाले, की मास्तरांना ती लग्नाच्या वेळची दिसली. दाराच्या फटीतून मटाराचे दाणे भांड्यात पडल्याचा आवाज येत होता, टप, टप. मग तिचे खांदे उतरले.

"इतकं दमल्यासारखं होतंय ना मला," ती म्हणाली आणि तिने मोठी जांभई दिली. "उद्या बोलू या का?"

मास्तरांनाही जांभई आली. उद्या बोलू, असं तेही म्हणाले.

४

पण खरी टोचणी छोटीची होती.

ही पोरगी लहानपणी घरात ठरायची नाही. शाळेच्या वहीत मागच्या पानांवर पूल काढायची. नदी कुठलीही असो, ती ओलांडायचा पूल हिच्याकडे तयार. पुढे ती तेच शिकली, आणि दूरच्या शहरात पूल बांधणाऱ्या कंपनीने तिला नोकरी दिली. एका दिवसाच्या बसप्रवासावर. त्याला आता चार महिने झाले होते. पहिल्यांदा तिने तारीख पुढे ढकलली, कारण जरा थकवा वाटत होता. दुसऱ्यांदा ढकलली, तेव्हा कारणही सांगितलं नाही. तिचं अंग भरलं होतं, गाल वर आले होते, शेजारीपाजारी म्हणायचे, मानवलं हो घर पोरीला. मास्तरांना मात्र तिच्याशी बोलताना ओल्या मातीत पाय रुतल्यासारखं व्हायचं. कंपनीचं शेवटचं पत्र आलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

"जाशील ना गं?" गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलं.

"बघू बाबा," छोटी म्हणाली. तिने आत्यांच्या खांद्यावर मान टाकली होती.

हे सगळं आपल्या मनाचे खेळ, असं मास्तरांनी स्वतःला बजावलं. सव्वीस वर्षं एकच काम केलं की माणसाला दुधाच्या साईतही गोगलगाय दिसायची. आत्या कधी आल्या एवढं आठवलं की झालं. पाण्याची टाकी फुटली त्या वर्षी होत्या का? होत्या असाव्यात. छोटीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी? तिचं बोट कुणीतरी धरलेलं आठवत होतं.

कामावर जाण्याआधी त्यांनी कपाटातून फोटोंचा अल्बम काढला. आत्या एकाही फोटोत नव्हत्या. म्हणजे त्या अलीकडच्याच, या विचाराने मास्तरांना हायसं वाटलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. समुद्राकाठी ते तिघं, छोटीच्या वाढदिवसाला ते तिघं, दवाखान्यातून मास्तर घरी आले तेव्हा पलंगावर ते तिघं. प्रत्येक फोटोत तिघंही समोर बघून हसत होती, आणि फोटो काढणाऱ्याची सावली कधी वाळूवर पडली होती, कधी चादरीवर.

५

त्या दिवशी मॅडमनी नवा प्रयोग लावला होता. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने मास्तरांपेक्षा लहान, रागाला मोठ्या. एका औषधी द्रावणात अळी धुतली तर तिच्या अंगावरची उसनी झालर निघून जाते का, हे त्यांना बघायचं होतं.

मास्तरांनी लाल ठिपक्याची गोगलगाय घेतली. तिला पिपेटच्या टोकाने हलकेच डिवचलं. ती शंखात आकसली आणि फिकट रक्ताचा थेंब वर आला. तो काचेवर घेऊन त्यांनी त्यात धुतलेली अळी सोडली आणि डोळा लावला.

पेशी आल्या. नेहमीसारख्या अळीपाशी थबकल्या. मास्तर शून्य लिहायला पेन उचलणार, तेवढ्यात एक पेशी पसरली आणि अळीला चिकटली. मग दुसरी. पंधरा मिनिटांत अळी दिसेनाशी झाली, इतक्या पेशी तिच्यावर चढल्या. नाजूक घराण्याच्या, सुस्त म्हणून हिणवलेल्या पेशी! मास्तरांचे डोळे भरून आले. मायक्रोस्कोपवरून उठून त्यांनी ते रुमालाने टिपले आणि वहीत तीनचा आकडा लिहिला.

"बघितलंत?" मॅडम खूश होत्या. "लोक म्हणतात पेशी मूर्ख. मूर्ख नाहीत हो त्या. त्यांना फसवलेलं असतं. एवढी झालर काढली की त्यांचं त्या बघून घेतात."

"मॅडम, आणि झालर निघाली नाही तर?"

"तर काय? तिला आपलंच समजून सांभाळतात, मरेपर्यंत." मॅडम हसल्या. "आज काय झालंय मास्तर? एरवी तुम्ही दोन शब्द बोलत नाही. घरी सगळं ठीक ना? आत्या बऱ्या आहेत ना?"

मॅडम त्यांच्या घरी कधीच आलेल्या नव्हत्या. मास्तर "बऱ्या आहेत" म्हणाले आणि काचा धुवायला घेऊन गेले.

६

आत्यांच्या अंगावरची झालर म्हणजे 'आत्या' ही हाक. मास्तरांनी शुक्रवारी असं मनाशी ठरवलं, आणि ठरवताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस अर्धी रजा टाकून भर दुपारी घरी चाललाय, कशासाठी, तर एका म्हाताऱ्या बाईला आत्या न म्हणण्यासाठी. बायकोला सांगितलं असतं तर तिने डॉक्टरकडे नेलं असतं, आणि तिचं काही चुकलं नसतं.

बायको कपडे पोचवायला बाहेर गेली होती. छोटी आतल्या खोलीत झोपली होती. मशीन बंद असल्यामुळे घर नको इतकं शांत होतं. खिडकीतून ऊन सरळ आत्यांच्या पाठीवर पडलं होतं.

"आलास? दमलास. बस..."

"तुमचं नाव काय?" मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले.

"आत्या म्हण की."

"नको. नाव सांगा."

एक शेंग सोलली गेली. दाणे भांड्यात पडले.

"कुणाची बहीण तुम्ही? माझ्या वडिलांना बहीण नव्हती. तिच्याही वडिलांना नव्हती. तुम्हाला या घरात कोण घेऊन आलं?"

हात थांबले. त्यांनी मान वर केली, आणि मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, ती हाक मनातही न आणता, बहुधा पहिल्यांदाच.

केसांचा अंबाडा बायकोसारखा होता, आणि त्यात शिवणाची पेन्सिलही तशीच खोचलेली होती. हनुवटीखालचा तीळ छोटीचा होता. त्या खाकरल्या ते मास्तरांच्या आईसारखं, आणि आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मग त्यांनी बोटाच्या पेराने चष्मा नाकावर सरकवला. ती सवय खुद्द मास्तरांची होती. त्या बाईच्या डोळ्यांवर चष्मा मात्र नव्हताच.

मास्तरांनी एकेक वस्तू मनातल्या मनात बाजूला काढली, कामावर काढत तशी. अंबाडा काढला, तीळ काढला, खाकरणं काढलं. मग जे राहिलं त्यावर त्यांची नजर ठरेना. ओल्या साबणावरून बोट सटकावं तशी ती सटकत राहिली. तिथे डोळे असायला हवे होते. तिथे गुळगुळीत, किंचित पारदर्शक असं काहीतरी होतं, आणि उन्हाची तिरीप त्यातून आरपार जात होती. आत दाटीवाटीने काहीतरी संथपणे कूस बदलत होतं. एक नव्हतं ते.

"दमलास रे," आवाज आला. आवाज अगदी मायेचा होता. "बस जरा."

मास्तरांना ओरडायचं होतं. त्यांना छोटीच्या खोलीकडे धावायचं होतं. त्यांचे गुडघे वाकले आणि ते बसले.

त्यांना जाग आली तेव्हा बायको परत आली होती, मशीन चालू होतं आणि समोर चहा गार झाला होता. आत्या देवासारख्या शांत बसलेल्या, चेहरा नेहमीचा. सगळा मटार सोलून झाला होता. मास्तरांनी हात बघितले. दोन्ही अंगठ्यांची नखं हिरवीगार झाली होती.

७

आपल्याच्याने हे निभणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. बायको हलणार नाही, आपण हलणार नाही. आपल्यात आता पहारा करायला काही उरलंच नाही. पण पोरगी तेवीस वर्षांची आहे. एकीला तरी इथून बाहेर काढायचं, मग आपलं काय व्हायचं ते होवो. असं ठरल्यावर त्यांना इतकं मोकळं वाटलं, की त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी जांभई दिली नाही.

शनिवारी सकाळी दहाला आत्या आंघोळीला गेल्या. बायको मशीनवर पाठमोरी होती. न्हाणीघरातून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी छोटीची बॅग आदल्या संध्याकाळी थोडी थोडी करून भरली होती. त्यांनी तिला उठवलं, बूट घालायला लावले आणि दंडाला धरून दाराबाहेर आणलं.

"आत्याला सांगून येते ना बाबा," ती झोपेतच म्हणाली.

"मी सांगतो."

"ती वाट बघेल."

"मी सांगतो म्हटलं ना. चल."

जिन्यात तिने दोनदा बसकण मारली. मास्तरांनी तिला लहानपणी शाळेत न्यायचे तसं ओढत खाली आणलं. रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं. दहा पावलं चालल्यावर छोटीने डोळे चोळले. वीस पावलांवर तिने त्यांच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली. कोपऱ्यावर येईपर्यंत ती बोलायला लागली होती, आणि बसथांब्यावर तर तिची टकळी थांबेना. तिकडच्या नदीला म्हणे पावसाळ्यात केवढं पाणी येतं, तिथे खांब उभारणं म्हणजे खायचं काम नाही, आणि बाबा, मी चार महिने काय करत होते हो?

"झोपली होतीस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही मला हाकललंत ते बरं केलंत." तिने त्यांना घट्ट मिठी मारली.

बस सुटली. खिडकीतून तिचा हात बराच वेळ हलत राहिला. मास्तर भर रस्त्यात लहान मुलासारखे रडले, आणि रडून झाल्यावर घरी चालत निघाले. कित्येक वर्षांत प्रथमच त्यांना दमल्यासारखं वाटत नव्हतं.

घरी बायकोने आकांत मांडला नाही. "गेली का?" एवढंच म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून पुन्हा मशीनवर बसली. आत्या छोटीच्या पांघरुणाची घडी घालत होत्या. मास्तर दारातच थांबले. आता काय होतंय ते बघायला त्यांनी अंग घट्ट केलं होतं.

"बरं केलंस," आत्या म्हणाल्या. "वेळ झालीच होती तिची."

हार लपवायची त्यांची ही पद्धत असणार, असं मास्तरांनी धरलं.

८

रविवारी दुपारी फोन वाजला. मशीन चालू होतं, म्हणून मास्तर फोन घेऊन दाराशी आले.

"बाबा, पोचले काल रात्री नीट. सकाळी फोन करणार होते, पण आवराआवरीत राहूनच गेलं." छोटीचा आवाज टवटवीत होता. "खोली मस्त आहे. दुसऱ्या मजल्यावर, खिडकी केवढी मोठी! खोलीत अजून एक मुलगी आहे, तीही उद्याच कामावर लागणार. आई उगाच काळजी करत असेल, तिला सांगा."

"सांगतो. जेवलीस?"

"हो तर. आणि गंमत सांगू? त्या मुलीला आत्या इतकी आवडली! कालच आली नि कालच तिला आत्या म्हणायला लागली."

"कुणाला?"

"आत्याला."

मास्तरांनी मान वळवली. खिडकीपाशी आत्या बसल्या होत्या. भांडं मांडीत होतं. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या आणि हसत होत्या.

"छोटे, आत्या इथे आहे. माझ्यासमोर बसलीय."

पलीकडून खोलीतले आवाज तेवढे येत होते. एक मुलगी काहीतरी विचारत होती. मग कुणीतरी खाकरलं. ती खाकर मास्तरांना पाठ होती. त्यामागून आणखी एक आवाज येत होता, टप, टप.

"छोटे, ऐक. तू आत्ताच्या आत्ता त्या खोलीतून बाहेर पड. बॅग राहू दे. ऐकतेस ना?"

"बाबा..." तिचा सूर जड झाला होता. तिने जांभई दिली. "इतकं दमल्यासारखं होतंय ना मला. उद्या बोलू या का?"

"नको. छोटे, उद्या नको. आत्ता..."

फोन बंद झाला. मास्तरांनी पुन्हा लावला. तो वाजत राहिला. त्यांनी आणखी तीनदा लावला. मग ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

मशीन थांबलं. बायकोने दातांनी दोरा तोडला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"छोटीचा होता ना? पोचली का नीट?"

"पोचली."

"मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एवढं मोठं परकं शहर, आणि पोर एकटी."

मास्तरांनी खिडकीकडे बघितलं नाही. त्यांना जांभई येत होती.

"एकटी नाहीये ती," ते म्हणाले.

"हो का?" बायकोचा जीव भांड्यात पडला. "मग बरं झालं."